पाठ असूनही प्रश्न सुटत नाही, काय चुकतं?

सांगलीकर_बँकवाला:
काल क्विझमध्ये माती खाल्ली. प्रश्न होता: '1896 मध्ये जन्मलेल्या या भारतीय नेत्याला पहिल्या वाढदिवसासाठी तब्बल आठ वर्षं थांबावं लागलं. कोण?' 29 फेब्रुवारी लगेच सुचलं. पण मग चार वर्षं हवीत ना! क्विझमास्तरच चुकला असं धरून आम्ही सुभाषबाबूंवर पाउन्स (आपली पाळी नसताना उत्तर द्यायचा डाव, चुकलं तर गुण वजा) केला. उणे दहा. सगळे पंतप्रधान मला सनावळीसकट पाठ आहेत हो, तरी ही गत. सरावाने जमतं का हे?

पाटीपेन्सिल:
'आठ' हीच तर किल्ली होती. 1900 हे लीप वर्ष नव्हतं. शंभराने भाग जातो, चारशेने जात नाही. म्हणून 1896 नंतर थेट 1904. आता नेता शोधा. वयाच्या 81 व्या वर्षी, 1977 मध्ये पंतप्रधान कोण झालं? वजाबाकी करा. मोरारजी देसाई! त्यांची जन्मतारीख माहीत असायची गरजच नाही. (सुभाषबाबू 1897 चे, तेही जानेवारीतले. असो.)

जुना_क्विझमास्तर:
मी प्रश्न काढतो तेव्हा एकही शब्द फुकट टाकत नाही. एकदा विचारलं होतं: 'याला 1965 मध्ये मुंबईतल्या जागेवरून हलवलं, तरी त्या भागाचं नाव तेच राहिलं. 2017 मध्ये तिथे नवा आला, पण पाठीवर कोणी नव्हतं.' विदर्भातली चार पोरं, मुंबईत एकदाही न आलेली. 'पाठीवर' ऐकून एक पुटपुटला, "घोडा?" दुसरा म्हणाला, "काळा घोडा!" तिसऱ्याने कारणही लावलं: स्वार इंग्रजांचा युवराज, त्याला परत कोण बसवणार? आपापसात मोठ्याने बोलत होते म्हणून सुटलं. तुम्ही चौघं बोललात का, की पाठांतरवाल्याच्या तोंडाकडे बघत बसलात?

खवचट_काका:
लॅटरल थिंकिंगचं फार कौतुक नको. 1900 चा नियम शाळेत घोटला नसेल तर डोकं कितीही तिरकं चालवा, मोरारजी येत नाहीत.

सांगलीकर_बँकवाला:
मास्तर, बघतच बसले होते, माझ्याकडे! बरं, रात्री झोप येईना म्हणून एक प्रश्न बनवलाय. स्वीडनमध्ये 1712 साली एका दिवशी जन्मलेल्या बाळांचा वाढदिवस पुन्हा कधीच आला नाही. तारीख?

पाटीपेन्सिल:
30 फेब्रुवारी. सीटर, म्हणजे अगदीच सोपा प्रश्न आहे हो.