३७०झेड: बॅटरी नवी तरी दहा दिवसांत डाउन, अधूनमधून सेल्फही फिरत नाही

विश्रामबाग_झेड (सांगली)

गाडी निसान ३७०झेड, २०११, मॅन्युअल गिअर. बॅटरी ५५ एएच (ॲम्पिअर-तास), दोन महिन्यांपूर्वी टाकलेली. तक्रारी तीन आहेत, एकमेकींशी संबंध आहे की नाही ते कळत नाही.

पहिली: गाडी आठ-नऊ दिवस उभी राहिली की बॅटरी झोपते. टर्मिनलवर ११.९ व्होल्ट येतात. चार्जरवर लावली की १२.६ होते आणि टिकतेही.

दुसरी: बॅटरी फुल असतानाही कधी बटण दाबलं की सेल्फ गप्प. क्लच दोन-तीनदा जोरात दाबला की बहुतेक वेळा लागते.

तिसरी: इंजिन चालू असताना मीटर कधी १४.२ व्होल्ट दाखवतो, कधी १२.९. इथल्या इलेक्ट्रिशियनचं म्हणणं, अल्टरनेटर (इंजिनवर फिरून बॅटरी चार्ज करणारा) गेला, बदलून टाका. पार्ट बाहेरून मागवावा लागणार, म्हणून आधी इथे विचारतोय. आधीच्या मालकाने डिकीत ॲम्प्लिफायर बसवलेला आहे. मल्टीमीटर आहे, हात काळे करायची तयारी आहे.

कृष्णाकाठ_वायरिंग (मिरज)

अल्टरनेटरला हात लावू नका. १२.९ बघून अल्टरनेटर बदलणं हा साध्या गाड्यांचा नियम झाला, या गाडीला तो चालत नाही. बॅटरीच्या निगेटिव्ह केबलवर एक छोटा करंट सेन्सर आहे. बॅटरी भरलेली असली की ईसीएम (इंजिनचा कॉम्प्युटर) त्याच्यावरून चार्जिंगचा व्होल्टेज मुद्दाम खाली आणतो, इंजिनवरचा भार कमी व्हावा म्हणून. तपासायचं असेल तर इंजिन चालू ठेवून हेडलाइट अप्पर, ब्लोअर फुल आणि मागच्या काचेचा हीटर, तिन्ही एकदम लावा. व्होल्टेज साडेतेराच्या वर चढला आणि टिकला तर अल्टरनेटर ठणठणीत. मग मीटर एसी व्होल्टवर करून बॅटरीवर धरा. अर्ध्या व्होल्टच्या वर आला तर अल्टरनेटरमधला डायोड गेलाय. डायोड गेला की तो उभ्या गाडीतही बॅटरी खाऊ शकतो, म्हणून हे बघणं वाया जात नाही.

आणि एक, याच सेन्सरमुळे चार्जरचा किंवा जंपर केबलचा काळा चिमटा बॅटरीच्या निगेटिव्हवर लावू नका, बॉडीच्या किंवा इंजिनच्या धातूवर लावा. थेट टर्मिनलवर लावला की तो करंट सेन्सरमधून जातच नाही आणि गाडीचा हिशेब चुकतो.

आता गळतीचं बघू. ५५ एएच बॅटरी नऊ दिवसांत ११.९ वर येते, म्हणजे साधारण चाळीस एएच गेले. त्याला नऊ गुणिले चोवीस, म्हणजे २१६ तासांनी भागा: जवळपास ०.१९ ॲम्प. चांगल्या गाडीत सगळे मॉड्यूल (गाडीतले छोटे कॉम्प्युटर) झोपल्यानंतर ५० मिलीॲम्पच्या आत असायला हवं. तीस धरलं तर दहा दिवसांत सात एएच जातात, बॅटरीला पत्ताही लागत नाही.

मोजायची पद्धत. दोन्ही काचा आधी अर्ध्या खाली करून ठेवा आणि डिकी उघडीच ठेवा. या गाडीच्या दाराला फ्रेम नाही, दार उघडताना काच थोडी खाली सरकते. करंट नसताना दार ओढलं तर काच रबरावर आपटते. डिकीचं लॉकही विजेवर, बंद झाली तर पंचाईत. बॉनेट उघडं, दाराच्या लॅचमध्ये स्क्रूड्रायव्हरने हूक दाबून ‘दार बंद’ची स्थिती करा, म्हणजे आतला दिवा विझेल. चावी गाडीपासून लांब ठेवा.

मीटर १० ॲम्पच्या भोकात लावा. आधी एक प्रोब निगेटिव्ह टर्मिनलच्या क्लॅम्पवर आणि दुसरा बॅटरीच्या पोलवर धरा, आणि मग क्लॅम्प उचला. उलटं केलं तर सगळे मॉड्यूल पुन्हा जागे होतात. अर्धा तास थांबा. सुरुवातीला एक-दोन ॲम्प दिसेल, घाबरू नका. मीटर सिरीजमध्ये असताना सेल्फ मारायचा नाही, मीटरचा फ्यूज जातो.

अर्ध्या तासानेही ०.१५च्या वर राहिलं तर फ्यूज काढत बसू नका. फ्यूज उपसला की काही मॉड्यूल झोपतात, काही उठतात, आणि आकडा फसवतो. मीटर मिलीव्होल्टवर ठेवून प्रत्येक फ्यूजच्या डोक्यावरच्या दोन उघड्या टोकांवर प्रोब टेकवा. दहा ॲम्पच्या मिनी फ्यूजवर एक मिलीव्होल्ट म्हणजे सुमारे १३० मिलीॲम्प जातोय. पंधराच्या फ्यूजवर तोच एक मिलीव्होल्ट दोनशेच्या आसपास. सगळे शून्य आले तर करंट फ्यूजबॉक्सच्या बाहेरून जातोय: अल्टरनेटर किंवा बॅटरीवरून थेट ओढलेली ॲम्प्लिफायरची जाड वायर.

त्या ॲम्प्लिफायरवर माझा पहिला संशय. गाडी चार तास बंद ठेवा आणि डिकीत हात घालून त्याची बॉडी चाचपा. कोमट लागली तर तो झोपतच नाही. रिमोटची (ॲम्प्लिफायर चालू-बंद करणारी) पातळ वायर स्टीरिओच्या निळ्या-पांढऱ्या वायरला न जोडता कोणीतरी कायमच्या १२ व्होल्टला जोडलेली असते, आपल्याकडे हा प्रकार फार.

सातारी_कंदी

वरचं सगळं बरोबर. सेल्फच्या तक्रारीवर मी लिहितो, कारण ती बॅटरीशी जोडू नये.

बटण दाबल्यावर नेमकं काय होतं ते बघा. क्लच दाबूनही बटण अॅक्सेसरी, मग ऑन, मग ऑफ असं फिरत राहतं, पण सेल्फ लागत नाही? मग गाडीला क्लच दाबलेला कळत नाही. बटणाला काहीच प्रतिसाद नाही, डॅशबोर्डचे मीटरही उजळत नाहीत आणि चावीचं पिवळं चिन्ह येतं? मग स्टिअरिंगच्या इलेक्ट्रॉनिक लॉककडे बोट जातं. हे लॉक या मालिकेत बदनाम आहे.

तुम्ही लिहिलंय की क्लच पंप केल्यावर लागते, म्हणून मी पहिल्यावर पैसे लावतो. क्लच पेडलच्या खांबावर दोन स्विच असतात. पेडल पूर्ण तळाला गेल्यावर दबतो तो सेल्फचा, पेडल वर असताना दबलेला असतो तो क्रूझ कंट्रोलचा. पेडलच्या पट्टीला एक लहान रबरी-प्लास्टिक बटण बसवलेलं असतं, तेच स्विचवर टेकतं. वर्षानुवर्षांच्या उन्हात ते कडक होऊन तुटतं, मग स्विचची दांडी पट्टीच्या भोकात शिरते आणि दबत नाही. मॅटवर बिस्किटाच्या भुग्यासारखे तुकडे सापडतात, चटकन दिसतील.

खात्रीसाठी स्विचचा कनेक्टर काढा, मीटर कंटिन्युइटीवर, दोन पिनांवर. दांडी बोटाने दाबली की बीप, सोडली की गप्प, असं असेल तर स्विच चांगला, फक्त बटण टाका. भोकात घट्ट बसणारा सपाट डोक्याचा नायलॉन बोल्ट आणि नट हा चालणारा पर्याय आहे. स्विच शॉर्ट करून ठेवू नका. गिअरमध्ये सेल्फ लागला की गाडी समोरच्या भिंतीत.

कृष्णाकाठ_वायरिंग (मिरज)

एक राहिलं. सांगलीत गाडी २०१९ किंवा २०२१ च्या पुराच्या पाण्यात उभी होती का, हे आधीच्या मालकाला विचारा. शंका असली तर पायाजवळच्या बाजूच्या पॅनेलमागचे अर्थचे बोल्ट उघडून बघा. थिंबलवर (वायरच्या टोकाच्या धातूच्या कडीवर) पांढरी-हिरवी भुकटी दिसली तर सँडपेपरने चमकवून पुन्हा कसा. शेजारी उसाचं रान असेल तर वायरिंगची टेप उंदरांनी कुरतडली आहे का तेही बघा.

विश्रामबाग_झेड (सांगली)

मोजलं. भार टाकल्यावर १३.९ आणि टिकलं, एसी ०.०४. अर्ध्या तासानंतर गळती ०.१९. फ्यूजवर कुठेच काही नाही. ॲम्प्लिफायरची बॉडी कोमट, त्याचा मेन फ्यूज काढल्यावर आकडा ०.०३ वर. मॅटवर पिवळट तुकडेही सापडले. पूर नाही पाहिलेला. रिमोट वायर सोडवून निळ्या-पांढऱ्याला जोडतोय. एक शंका: टर्मिनल लावल्यावर आयडल (उभ्या गाडीतला इंजिनचा वेग) थोडा वर-खाली होतोय.

सातारी_कंदी

थ्रॉटलचं (इंजिनच्या हवेच्या झडपेचं) शिक्षण, म्हणजे बंद स्थितीची आठवण, पुसलं गेलंय. इग्निशन ऑन करा, ॲक्सिलरेटरला पाय लावू नका, ऑफ करून किमान दहा सेकंद थांबा. थ्रॉटलची खरखर ऐकू येईल. नाही जमलं तर पुन्हा एकदा. आणि पुढे बॅटरी बदलाल तेव्हा डी२३एल साइजचीच घ्या, जाड पोलवाली. छोट्या गाड्यांची बारीक पोलची बॅटरी पत्र्याची पाचर मारून बसवली की सेल्फच्या करंटला तो सांधा तापतो आणि नवा शोध सुरू होतो.