मदत हवी आहे: ऑप्टुनाने शोधलेलं बेस्ट सेटिंग परत चालवलं की मागे पडतंय

नमस्कार मंडळी,
एमटेकचा प्रोजेक्ट आहे, हवामानाचं डब्ल्यूआरएफ मॉडेल कॉलेजच्या क्लस्टरवर जमेल तेवढं फास्ट पळवायचं. एका नोडला, म्हणजे क्लस्टरमधल्या एका मशीनला, ४८ कोअर (२४-२४चे दोन प्रोसेसर). एमपीआयचे रँक (वेगवेगळ्या चालणाऱ्या प्रोसेस) किती आणि प्रत्येक रँकला ओपनएमपीचे थ्रेड (त्या प्रोसेसमध्ये एकाच वेळी चालणारी कामं) किती, गुणाकार ४८ यायला हवा एवढंच धरलं तरी १० जोड्या, त्यात टाइल (रँकच्या वाट्याचे आणखी तुकडे) किती, डोमेन (ज्या भागाचं हवामान काढायचं तो) आडवं-उभं किती तुकड्यांत कापायचं, कंपायलरचे फ्लॅग... हाताने करत बसलो तर पुढची दिवाळी उजाडेल. म्हणून ऑप्टुना हे सॉफ्टवेअर लावलं, ते आधीच्या रनच्या वेळा बघून पुढचं सेटिंग सुचवतं.

६० रन झाले. सगळ्यात फास्ट निघालं ८ रँक ६ थ्रेड, २१२ सेकंद. खूश होऊन गाइड मॅडमना दाखवायला परत चालवलं तर २४७! तिसऱ्यांदा २३१. मग हे नक्की शिकतंय काय, माझं सेटिंग की शेजारच्याचा जॉब? प्रत्येक सेटिंग पाच-पाचदा चालवायचं तर स्लर्मच्या (क्लस्टरवर जॉबना नंबर लावणारं सॉफ्टवेअर) रांगेतच सेमिस्टर संपेल. त्यात छोट्या डोमेनवर जिंकलेलं सेटिंग मोठ्यावर पार झोपतं. कुणी केलंय का असलं काही?

प्रतिसाद:
एकूण वेळ धरू नकोस रे, त्यात आउटपुट लिहिणंही येतं आणि डिस्क सगळ्यांची मिळून एकच. डब्ल्यूआरएफच्या आरएसएल नावाच्या लॉग फाइलीत दर स्टेपला ‘टायमिंग फॉर मेन’ अशी ओळ पडते, त्या उचल, पहिली टाकून दे, रेडिएशनच्या (ऊन-उष्णतेचा हिशोब होतो त्या) स्टेप बाजूला काढ (त्या जड असणारच), उरलेल्यांचा मीडियन (मधला आकडा) घे. नोड एक्सक्लुझिव्ह माग, म्हणजे त्यावर दुसऱ्याचा जॉब येणार नाही. डोमेन मोठंच ठेव, सिम्युलेशनचा काळ कमी कर, रांगेचा प्रश्नही सुटेल. छोट्या डोमेनवर रँकच्या वाट्याला पॉइंटच इतके कमी येतात की कडांची देवाणघेवाण करण्यात वेळ जातो, मोठ्यावर मेमरी अडते, दुखणंच वेगळं. आणि थ्रेड कोअरला बांधलेत ना?

धागाकर्ता:
नव्हते बांधले 🤦 सिस्टिम त्यांना वाटेल तिकडे फिरवत होती. आता तेच सेटिंग तीनदा चालवलं, फरक अर्ध्या टक्क्याच्या आत. पण गंमत म्हणजे आता १२ रँक ४ थ्रेड पुढे आहे, ८-६ नाही. मग ते जुने ६० रन ऑप्टुनाला दाखवू की सरळ उडवू?