रि: स्काउट्सची वीकेंड बॅकपॅकिंग ट्रिप – कोणी काय ठरवायचं?

प्रेषक: ट्रिप लीडर

नमस्कार मंडळी,

मागच्या मीटिंगमधे ठरल्याप्रमाणे आपल्या ट्रूपची सॅकवाली ट्रिप पुढच्या महिन्यात करतोय. शनिवारी सकाळी निघायचं, एक रात्र टेंटमधे, रविवारी दुपारी परत. अकरा ते पंधरा वयाची मुलंमुली आहेत, गाडीशेजारी तंबू ठोकून राहिलेत सगळे पण घरदार पाठीवर घेऊन चालणं हा प्रकार बहुतेकांना नवा आहे. लिस्टवर मुलांची नावं टाकू नका प्लीज, "माझी", "माझा" आणि वय एवढं पुरे.

आणि एक आधीच सांगून ठेवतो. कुठल्या वाटेने जायचं, काय खायचं, कोणी काय उचलायचं हे मुलांची पॅट्रोल्स, म्हणजे त्यांचे छोटे गट, ठरवणार आहेत, आपण नाही. स्काउटिंग सुरू करणाऱ्या बेडन-पॉवेलने ऑगस्ट १९०७ मधे इंग्लंडमधल्या ब्राउनसी बेटावर पहिला कॅम्प घेतला तेव्हाच मुलांचे चार गट पाडले होते आणि प्रत्येक गटाला त्यांच्यातलाच एक मुलगा प्रमुख होता. शंभरेक वर्षांनंतर आपण मोठ्यांनी मेलवर बसून उंटावरून शेळ्या हाकायच्या आणि मुलांनी फक्त चालायचं, याला काही अर्थ नाही. सूचना जरूर टाका, मी त्या मुलांपर्यंत पोचवतो.

– ट्रिप लीडर

---

प्रेषक: नववीतल्या मुलाचा बाबा

अरे वा झकास!! मी काल रात्रीच मॅप उघडून बसलो, पार्किंगपासून वरच्या तलावापर्यंत नऊ किलोमीटर आहे आणि चढ साधारण ७०० मीटर, अ‍ॅप तीन तास दाखवतंय. म्हणजे दहाला निघालो तर एकला तलावावर! मुलांना ठरवू द्या वगैरे ठीक आहे हो पण त्यांना विचारलं तर ती पार्किंगमधेच टेंट लावतील, थोडं ढकलावं लागतं, आम्ही कॉलेजात असताना एका दिवसात याच्या दुप्पट चालायचो आणि पायात स्लीपर असायची.

---

प्रेषक: ट्रिप लीडर

दादा, स्लीपरचा भाग वाचून मजा आली पण तीन तासांचं गणित जरा उलगडून बघू. अशा अंदाजांच्या मुळाशी बहुतेक वेळा नेस्मिथचा हिशोब असतो, १८९२ सालचा, स्कॉटिश गिर्यारोहक होता तो. तासाला पाच किलोमीटर आणि वर प्रत्येक ६०० मीटर चढाला एक तास जादा. नऊ किलोमीटरचे पावणेदोनच्या आसपास आणि ७०० मीटर चढाचा सव्वा तास धरा, आले तुमचे तीन तास. पण हा हिशोब तंदुरुस्त मोठ्या माणसाचा, न थांबता चालणाऱ्याचा. पाठीवर वजन घेतलेल्या अकरा वर्षांच्या पोराला सरळ दुप्पट धरायचे, म्हणजे सहा तास, मग बुटाची लेस सुटली, जॅकेट काढलं, जॅकेट घातलं, कोणाला शू लागली, जेवण, हे सगळं धरून आठ. दहाला निघालात तर संध्याकाळी सहाला दमलेली, भुकेली, चिडलेली मुलं घेऊन तलावावर उभे राहाल आणि टेंट अजून पिशवीत.

खाली ओढ्याजवळची जी मुक्कामाची जागा आहे ती पाच किलोमीटरवर आणि चढ फक्त २५० मीटर. त्याच पद्धतीने दुप्पट करून तीन तास, जेवणासकट दोनला पोचतो. टेंट लावून झाल्यावर उजेड शिल्लक राहतो, आणि खरी मजा त्या उरलेल्या उजेडातच असते.

तरीही मी मुलांसमोर दोन्ही रूट ठेवणार, आकड्यांसकट. गणित त्यांनीच करायचं.

---

प्रेषक: सहावीतल्या मुलीची आई

नमस्कार, मी या लिस्टवर फारसं लिहीत नाही पण माझी पहिल्यांदाच अशी जातेय म्हणून विचारते, बावळट प्रश्न वाटला तर सोडून द्या. तिचं वजन चाळीस किलो आहे आणि ती सॅकमधे काय काय भरायला निघालीय ते बघून मला घाम फुटलाय, उशी सुद्धा आहे त्यात. किती वजन चालतं? दुसरं म्हणजे तिथे टॉयलेट नाही असं कळलं, मग मुलींनी काय करायचं, आणि ट्रिपच्याच वेळी पाळी आली तर? हे मी सगळ्यांसमोर विचारतेय कारण अजून चार आयांच्या मनात असणार आणि कोणीच विचारणार नाही.

---

प्रेषक: ट्रिप लीडर

ताई, बावळट काय त्यात, बरं झालं लिस्टवरच विचारलंत. वजनाचं मी सांगतो, बाकीचं आपल्यासोबत येणाऱ्या वहिनी सांगतील, त्या नर्स आहेत आणि माझ्यापेक्षा नीट सांगतील.

मुलांसाठी आपण वजनाच्या वीस टक्क्यांवर जायचं नाही असं धरू. चाळीस किलोच्या मुलीला आठ किलो, पाण्यासकट. आता बघा हं, दोन लिटर पाणी म्हणजे दोन किलो तिथेच गेले, उरले सहा. रिकामी सॅक दीड, स्लीपिंग बॅग सव्वा, मॅट पाव-अर्धा किलो, म्हणजे तीन किलोच्या वर झालं आणि अजून आपण एकही कपडा ठेवला नाही. रेनकोट, गरम कपडे, एक जादा मोज्यांची जोडी मिळून किलो. तीन जणींच्या टेंटचे भाग वाटून घेतले, एकीने कापड, एकीने दांडे आणि खुंट्या, एकीने वरचं कव्हर, तर प्रत्येकी किलोभर. राहिलं पाऊण किलो, त्यात खाणं, ताट-चमचा, टॉर्च, शिट्टी. उशीला कुठून जागा येणार? (कपड्यांची पिशवी डोक्याखाली घ्यायची, उशीच होते ती.)

वाटेत साडेतीन किलोमीटरवर झरा आहे आणि तो चालू आहे का ते आदल्या आठवड्यात मी स्वतः जाऊन बघणार आहे. असेल तर लहान मुलांनी दीड लिटरच घेऊन निघायचं, अर्धा किलो वाचला. नसेल तर त्यांचं जादा पाणी मोठ्यांच्या पाठीवर. पाणी कमी घेऊन वजन कमी करणं या वाटाघाटीत मी पडणार नाही, ते मुलांच्या मतावरही नाही आणि पालकांच्याही नाही.

---

प्रेषक: सोबत येणारी एक आई (नर्स)

ताई, मोकळेपणाने लिहिते. प्रत्येक मुलीला छोटं खुरपं, हँड सॅनिटायझर आणि दोन झिपच्या पिशव्या, आतली एक आणि बाहेरची एक जिच्यातून दिसत नाही. पाणी, वाट आणि मुक्काम या तिन्हींपासून साठ-सत्तर मीटर लांब जायचं, लहान मुलीची शंभरेक पावलं होतात, पंधरा ते वीस सेंटिमीटर खोल खड्डा, नंतर बुजवायचा. वापरलेला कागद पिशवीतून परत. पॅड्स तर नक्कीच परत, पुरायचे नाहीत आणि जाळायचेही नाहीत, नीट जळत नाहीत ते. हे सगळं मी मुलींना आधीच्या मीटिंगमधे वेगळं बसवून दाखवणार आहे, आणि तारीख जवळ नसली तरी प्रत्येकीने सामान घ्यायचंच, या वयात पाळी कधीही येऊ शकते हे तुम्हाला सांगायला नको. जाताना मैत्रिणीला सांगून जायचं, ती हाकेच्या अंतरावर थांबेल. आणि हो, मुलांना पण खुरपं आणि खड्डा हाच नियम, त्यांना यातून सूट नाही :)

दम्याचा पंप आणि अ‍ॅलर्जीचं ऑटो-इंजेक्टर (स्वतःच टोचायचं तयार इंजेक्शन) ज्याचं त्याच्याच अंगावर, सॅकच्या तळाशी नको, आणि दुसरं माझ्याकडे. मेडिकल फॉर्ममधे खरं लिहा हो. झोपेत चालणं, अंथरूण ओलं होणं, अंधाराची भीती, हे लिहायला लाज वाटते पालकांना, पण रात्री अकराला जंगलात कळण्यापेक्षा आधी माझ्या एकटीला कळलेलं मुलाच्याच फायद्याचं.

कपड्यांबद्दल एकच सांगते, कॉटनची जीन्स आणि टीशर्ट नको. भिजलं की वाळत नाही आणि अंगातली ऊब ओढून घेतं. बर्फ लागत नाही थंडी बाधायला, पाऊस आणि वारा असला तर दहा डिग्रीतही मूल गारठतं. एखादं मूल उगाच कुरकुरतंय, अडखळतंय, बोलणं जड झालंय, झिप लावता येत नाहीये, तर ते नाटक करत नाहीये, गारठलंय. ओलं काढायचं, कोरडं घालायचं, गोड काहीतरी खायला द्यायचं, मग बाकीचं.

---

प्रेषक: मंडळाचे जुने काका

सर्वांना नमस्कार. मला या धाग्यातून काढावे, माझी मुले आता स्वतःच मुलांचे आईबाप आहेत. पण वाचतोच आहे तर विचारतो, मोठी माणसे किती जाणार? आमच्या वेळी एक मास्तर आणि चाळीस पोरे असत.

---

प्रेषक: ट्रिप लीडर

काका, तुम्हाला धाग्यातून काढणार नाही, प्रश्न बरोबर विचारलात म्हणून.

स्काउटिंगमधे बऱ्याच ठिकाणी कमीत कमी दोन मोठ्यांचा नियम आहे, आणि एक मोठा माणूस एका मुलासोबत एकटा नको हाही. पण डोंगरात दोन पुरत नाहीत. समजा एका मुलाचा पाय मुरगळला, एक जण त्याच्यापाशी थांबला, एक मदत आणायला गेला, आता बाकीच्या मुलांना कोण बघणार? म्हणून चार जातोय. एक पुढे, एक सगळ्यात मागे, दोन मधे. पुढच्या मोठ्याच्या मागे लगेच जो सगळ्यात हळू चालतो तो, म्हणजे वेग आपोआप त्याचा. त्याला शेवटी ठेवलं तर काय होतं, पुढचे थांबून वाट बघतात, हा धापा टाकत पोचला की "चला" म्हणून उठतात, म्हणजे ज्याला विश्रांती सगळ्यात जास्त हवी त्यालाच ती मिळत नाही. प्रत्येक फाट्यावर सगळे थांबणार, डोकी मोजणार, मगच पुढे. चुकला कोणी तर जागेवर थांबायचं, झाडाला मिठी मारून म्हणा हवं तर, आणि तीन-तीन शिट्ट्या.

आणि ज्या गोष्टींवर मतदान नाही त्या लिहून टाकतो म्हणजे नंतर वाद नको. पाणी गाळून किंवा उकळून. खळखळून उकळी फुटल्यावर एक मिनिट, २००० मीटरच्या वर असू तर तीन. फिल्टरमधे पाणी राहून तो रात्री गोठला तर आतले तंतू फाटतात आणि बाहेरून काहीच कळत नाही, त्यामुळे फिल्टर मोठ्यांच्या स्लीपिंग बॅगेत झोपेल. स्टोव्ह टेंटच्या आत कधीच नाही, पाऊस असला तरी नाही, कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. गडगडाट ऐकू आला की उंचावरून खाली, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास हलायचं नाही. शनिवारच्या वाटेवर एक वाजेपर्यंत झऱ्याशी पोचलो नाही तर तिथूनच परत, कितीही जवळ आलो असलो तरी. परतीची वेळ घरी राहणाऱ्या एका माणसाकडे लिहून दिलेली असेल आणि उशीर झाला तर कोणाला फोन करायचा तेही.

परवानगी, ग्रुपमधे किती लोक चालतात, शेकोटीला बंदी आहे का, हे ज्यांची जागा आहे त्यांच्याकडून मी काढतोय.

---

प्रेषक: नववीतल्या मुलाचा बाबा

ठीक आहे ठीक आहे, तलाव मागे घेतो. पण एक वाजताचं परत फिरणं जरा जास्तच कडक नाही का? मुलं रडतील.

---

प्रेषक: ट्रिप लीडर

रडू देत की. आधीपासून माहीत असलेली वेळ असली तर पोरं अर्ध्या तासात विसरतात, तिथल्या तिथे ठरवायला गेलं तर मोठी माणसंच एकमेकांशी भांडतात आणि तोवर दोन वाजतात.

---

प्रेषक: ट्रिप लीडर
विषय: पॅट्रोल मीटिंगचा वृत्तांत

मंडळी, काल मुलांची मीटिंग झाली, आम्ही मोठे खोलीच्या मागे गप्प बसलो होतो (सोपं नव्हतं ते). त्यांच्या वहीतलं थोडक्यात देतो.

मोठ्या मुलांना तलावच हवा होता. मग एका तेरा वर्षांच्या मुलीने फळ्यावर वेळेचं गणित मांडलं आणि विचारलं की सहाला पोचल्यावर अंधारात टेंट कोण लावणार, तर एकदम शांतता. शेवटी ओढ्याजवळच मुक्काम, आणि शनिवारी दुपारी ज्यांना हौस आहे त्यांनी सॅक खाली ठेवून दोन मोठ्यांबरोबर खिंडीपर्यंत जाऊन यायचं, बाकीच्यांनी ओढ्यावर. हा पर्याय आमच्यापैकी कोणालाच सुचला नव्हता.

मेनू त्यांनी केलाय आणि तो बघून काही आया हाय खातील, दोन्ही जेवणं जवळजवळ सारखीच आहेत, पण गरम पाणी ओतलं की होणारी, वजनाला हलकी आणि एकाच भांड्यातली. शाकाहारी भांडं वेगळं हे त्यांनी स्वतःहून लिहिलंय. भांडी कोण घासणार यावर जेवढा वेळ गेला तेवढा रूटवर गेला नाही. मेनूत ढवळाढवळ करू नका, अळणी झालं तर अळणी खातील.

सगळ्यात लहान दोघांचं टेंटचं सामान मोठ्या मुलांनी उचलायचं ठरवलंय, बदल्यात त्या दोघांनी दोन्ही दिवस पाणी भरायचं. सौदा पक्का झालाय, आईबाबांनी त्यात पडू नये.

येत्या रविवारी पूर्ण भरलेल्या सॅक घेऊन सगळ्यांनी यायचं, वजन करू आणि दोन तास चालू. जे बूट ट्रिपला घालणार तेच घालून या, नवे कोरे असतील तर आजपासून घरात घालून फिरा. टाचेला कुठे गरम लागायला लागलं तर त्याच क्षणी थांबून टेप लावायची सवय याच चालण्यात लावायचीय, फोड आल्यावर नाही. वजनाच्या वीस टक्क्यांच्या वर सॅक निघाली तर मूल स्वतः ती उघडणार आणि काय ठेवायचं काय काढायचं ते ठरवणार, पालकांनी पार्किंगमधेच थांबावं.

वजनकाटा कोणाकडे आहे? लटकवायचा, बॅगा तोलायचा असतो तो. एक आहे माझ्याकडे पण दोन असले तर रांग लवकर सरेल.

---

प्रेषक: मंडळाचे जुने काका

माझ्याकडे आहे. घेऊन येतो. किती वाजता?