समुद्र नाही, पण मत आहे: एलपीजी निर्यातीचं टर्मिनल हवं की नको?

भुसावळ_जंक्शन
डहाणूजवळच्या वाढवण बंदराचं भूमिपूजन ऑगस्ट 2024 मध्ये झालं. माझं म्हणणं असं, की आपल्या किनाऱ्यावरच्या नव्या बंदरांत एलपीजी नुसता उतरवून घेण्याची नव्हे, जहाजात भरून बाहेर पाठवायचीही सोय करा. नेपाळ आपल्याकडूनच गॅस घेतो. बांगलादेशला लागतो. अमेरिकेने ह्यूस्टनच्या धक्क्यांवरून हाच धंदा केला. आपली आयटीआयची पोरं तरी कुठवर पुण्याला हेल्परकी करणार?

केळीबाग_रावेर
काय भो, घरात पीठ नाही आणि चालले भंडारा घालायला! देशाला लागणाऱ्या गॅसपैकी साधारण 60 टक्के आयात होतो, तोही बहुतेक आखाताच्या तोंडाशी असलेल्या होर्मुझच्या सामुद्रधुनीतून. अमेरिकेकडे शेल खडकातून निघालेला प्रोपेन, म्हणजे एलपीजीतला एक मुख्य वायू, उरतो, म्हणून ते विकतात. आपल्याकडे काय उरतंय?
दुसरं म्हणजे धक्का तोच असला तरी कारखाना वेगळा. आमची केळी आखातात पाठवायची तर आधी पॅकहाऊसमध्ये 13 अंशांवर आणावी लागते. गरम माल कंटेनरवाला घेत नाही. गॅसचंही तसंच. प्रोपेन उणे 42 अंशांवर आणा, त्याआधी त्यातलं पाणी पार काढा, नाहीतर पाइपात बर्फ. गॅस थंड करणाऱ्या त्या कॉम्प्रेसरचं वीजबिल कोण भरणार?

भुसावळ_जंक्शन
दादा, रिफायनरीतला गॅस पाठवा असं मी कुठे म्हटलं? आखातातून मोठं जहाज येतं, त्यातला थोडा पुढे छोट्या जहाजात भरायचा. मधल्या मध्ये नफा.

जेट्टीवाला_अमळनेर
या कामात बरीच वर्षं काढली, म्हणून लिहितो. भुसावळकर, तुमचा मुद्दा अर्धा बरोबर. मोठ्या जहाजात 44 हजार टनांच्या आसपास माल असतो, म्हणजे घरगुती 31 लाख सिलिंडर. तो थंडगारच येतो, टाकीतही थंडच राहतो, त्यामुळे पुढे पाठवायला चिलिंग प्लांट लागत नाही. पण बांगलादेशची बंदरं उथळ. तिथे जाणारी छोटी जहाजं बहुतेक दाबाची, म्हणजे गॅस थंड न करता दाबाखाली द्रव ठेवणारी असतात, त्यांना थंड माल चालत नाही. म्हणजे उलट हीटर लावून तापवून भरायचा! शिवाय टाकीत बसल्या बसल्या गॅसची वाफ होते, ती ओढून पुन्हा द्रव करायची. जहाज असो नसो, ते मशीन बंद करता येत नाही. आणि एक जहाज धक्क्याला अडकलं की मागच्याचं डेमरेज, म्हणजे जहाज खोळंबल्याचा दंड, सुरू. मधल्या नफ्यातला मोठा वाटा तिथेच जातो.
नोकऱ्यांचं म्हणाल तर बांधकामात शेकडो हात लागतात. चालवायला मात्र शिफ्टला मूठभर माणसं, बाकी सगळं कंट्रोल रूममधून. पोरांना वेल्डिंगचं चांगलं सर्टिफिकेट घ्यायला सांगा, काम तिथे आहे.

धुळेकर_ताई
बंदर दुसऱ्याच्या दारात म्हणून आपण इतक्या मोकळेपणाने बोलतोय. विशाखापट्टणमला 14 सप्टेंबर 1997 ला जहाजातून एलपीजी उतरवताना गळती झाली, आग लागली, सुमारे 60 माणसं गेली. हा गॅस हवेपेक्षा जड, जमिनीलगत पसरत जातो. डहाणूच्या मच्छीमारांना कोणी विचारलं का?

भुसावळ_जंक्शन
ताई, 1997 नंतर नियम बदलले. विशाखापट्टणमलाच आता 60 हजार टन गॅस जमिनीखाली खडकात ठेवतात, भोवतालच्या पाण्याचा दाबच त्याला अडवून धरतो.

धुळेकर_ताई
गुहेत ठेवलेला गॅस गुहेत राहील हो. धक्का ते गुहा या पाइपाचं बोला.

केळीबाग_रावेर
आणि आपलं काय? मुंबईहून पेट्रोल-डिझेल पाइपलाइनने मनमाडजवळ पानेवाडीला येतं. गॅसचे कॅप्सूल टँकर मात्र आजही हायवेवर ट्रॅक्टरच्या मागे रांगेत. निर्यातीवर घालायचे पैसे असतील तर गॅसची लाइन आधी इकडे टाका.

भुसावळ_जंक्शन
लाइन टाकायला जमीन लागेल, दादा. तुमच्या बागेतून जाऊ देणार का?

केळीबाग_रावेर
भाव काय देता, त्यावर आहे.