अण्णांच्या नवीन फोनला जुनं मेमरी कार्ड दिसतच नाही, फॉरमॅट न करता काही होईल का?

तासगाव_बागाईत:
राम राम मंडळी. आमच्या अण्णांना गणपतीत नवीन फोन घेतला, जुन्याचा डिस्प्ले ट्रॅक्टरवरनं पडून फुटला होता म्हणून. जुन्यातलं ६४ जीबीचं मेमरी कार्ड काढून नव्यात घातलं तर फोन काय दाखवायलाच तयार नाही, स्टोरेजमध्ये जाऊन बघितलं तर नुसतं फोनचं स्टोरेज दिसतंय, कार्डाचं नाव नाही. मधेच कधीतरी वर नोटिफिकेशन येतं की कार्ड सेट अप करायला टॅप करा, ते दाबलं की थेट फॉरमॅटचं विचारतंय म्हणून मागं आलो. बंद चालू करून झालं, कार्ड काढून घालून झालं, फुंकर मारून पण झाली.

कार्डावर काय आहे ते सांगतो म्हणजे फॉरमॅट का नको ते कळेल. बागेचे दरवर्षीचे फोटो, छाटणी कधी घेतली फवारणी कुठली मारली ते अण्णा वहीवर लिहून त्याचा फोटो काढून ठेवतात, बेदाण्याच्या सौद्याच्या पट्ट्या, आणि मुख्य म्हणजे आमच्या आजीच्या जात्यावरच्या ओव्या रेकॉर्ड केलेल्या आहेत. आजी आता नाही. बाकीचं गेलं तर एकवेळ चालेल, पण ओव्यांसाठी अण्णा रोज विचारतायत.

इथं एका दुकानात दाखवलं तर तो बघताक्षणी म्हणाला कार्ड उडालं, नवीन घ्या. खरंच उडालं असेल का?

भडंग_कट्टा:
सोपं आहे की भावा, ते सेट अपवर टॅप कर, फॉरमॅट होऊ दे आणि मग रिकव्हरीचं सॉफ्टवेअर टाकून सगळं परत काढ. माझ्या पेनड्राइव्हचं तसंच केलं होतं, सगळं आलं.

पोवईनाका_रिपेअर:
वरचं अजिबात करू नका. पेनड्राइव्हची गोष्ट वेगळी. जोपर्यंत डेटा हातात येत नाही तोपर्यंत त्या कार्डावर एक अक्षर पण नवीन लिहायचं नाही. फॉरमॅट नाही, फोटो काढून टेस्ट नाही, विंडोजचं चेकडिस्क पण नाही, ते रिपेअर करतो म्हणत फायली इकडच्या तिकडं करून ठेवतं.

सातारला दुकान आहे माझं, असली कार्डं सारखी येतात म्हणून सांगतो. पहिलं ठरवायचं की दुखणं कार्डाचं आहे का फोनचं. दुसरं कुठलंही चालू कार्ड अण्णांच्या फोनात घाला आणि अण्णांचं कार्ड दुसऱ्या कुणाच्या फोनात घाला. पाच मिनिटाचं काम आहे आणि निम्मा गोंधळ तिथंच मिटतो. दुसरं कार्ड पण दिसत नसेल तर मग ट्रे बघा. हल्लीच्या बऱ्याच फोनात हायब्रिड ट्रे असतो, म्हणजे एका खाच्यात एकतर दुसरं सिम नाहीतर कार्ड, दोन सिम घातले की कार्डाला जागाच उरत नाही, आणि लोक कार्ड सिमच्या जागेत दाबून बसवतात मग आतली पिन वाकते. ट्रे बाहेर काढला की त्यावर बारीक अक्षरात लिहिलेलं असतं कुठं काय घालायचं ते, वाचून घाला.

कार्डाच्या मागं आठ सोनेरी पट्ट्या असतात त्या बघा. बागायतदारांचे फोन माझ्याकडं येतात त्यात फवारणीचा थर, धूळ, घाम सगळं असतंय. पांढऱ्या मऊ खोडरबरानं पट्ट्या हलक्या हातानं पुसा, मग आयसोप्रोपिल अल्कोहोल कापसाच्या काडीवर घेऊन एकदा फिरवा, वाळू द्या. फोनच्या सॉकेटमध्ये मात्र काडी, टाचणी, टूथपिक काही घालायचं नाही, आतल्या स्प्रिंगा केसासारख्या असतात. आणि फुंकर तर मारूच नका, थुंकीचा ओलावा जातो.

मिरज_जंक्शन:
कार्ड घेतलं कुठनं हे पण महत्त्वाचं आहे. बाजारात चारशे रुपयाला १ टीबी म्हणून कार्डं मिळतात ती सगळी बनावट. आत चिप असते बारकी, पण कार्ड चालवणाऱ्या कंट्रोलरला खोटं बोलायला शिकवलेलं असतं, म्हणून फोन १ टीबी दाखवतो. जोपर्यंत खरी जागा भरत नाही तोपर्यंत सगळं मस्त चालतं, भरली की नवीन फायली जुन्यावर बसतात नाहीतर हवेत जातात, नाव दिसतं पण उघडत नाही. विंडोजवर एचटूटेस्टडब्ल्यू आणि लिनक्सवर एफथ्री या फुकट प्रोग्रॅमनी खरी जागा कळते. पण ती टेस्ट कार्ड भरून बघते, त्यामुळं तुमच्या कार्डावर आत्ता करू नका, नवीन कार्ड आणल्या आणल्या करायची गोष्ट आहे ती.

दुसरं म्हणजे जुन्या फोनांना मोठी कार्डं झेपत नाहीत. ३२ जीबीपर्यंतची एसडीएचसी, त्यात फायली लावायची पद्धत म्हणजे फाइल सिस्टीम फॅट३२ असते, त्याच्या वरची २ टीबीपर्यंतची एसडीएक्ससी, त्यात एक्सफॅट येतं. कुणी लॅपटॉपवर एनटीएफएस करून दिलेलं असलं तरी बरेच अँड्रॉइड फोन ते वाचत नाहीत. पण तुमचं उलटं झालंय, जुन्यात चालत होतं आणि नव्यात नाही, म्हणून मला हे कारण वाटत नाही.

तासगाव_बागाईत:
सगळ्यांचे आभार. रिपेअरवाल्या दादांनी सांगितलं तसं केलं. बहिणीचं कार्ड अण्णांच्या फोनात घातलं तर लगेच दिसलं, गाणी वाजली. अण्णांचं कार्ड बहिणीच्या फोनात नाही दिसलं. पट्ट्या पुसल्या, खोडरबर काळं झालं पण फरक काही नाही. म्हणजे दुखणं कार्डातच ना? कार्ड चांगल्या कंपनीचं आहे, बिल पण आहे.

मग कॉलेजला जाणाऱ्या पुतण्यानं कार्ड रीडर आणला आणि लॅपटॉपला लावलं. माय कॉम्प्युटरमध्ये काहीच येईना. त्यानं डिस्क मॅनेजमेंट म्हणून काहीतरी उघडलं तर तिथं दिसतंय, पण दोन तुकडे आहेत, एक फक्त १६ एमबीचा आणि दुसरा ५९ जीबीच्या आसपास. दोन्हीला डी ई असलं कुठलं अक्षर नाही, फाइल सिस्टीमच्या जागी काहीच लिहिलेलं नाही. पुतण्या म्हणतो फोटोरेक म्हणून गेलेल्या फायली शोधायचं सॉफ्टवेअर आहे, ते चालवून बघतो. चालवू देऊ का?

लिनक्सवाला_सातारा:
थांबा थांबा. १६ एमबी आणि उरलेलं सगळं दुसऱ्यात, हे वाचून खुर्चीवरच सरळ बसलो. तुमचं कार्ड उडालेलं नाही.

अण्णांच्या जुन्या फोनचं इंटर्नल स्टोरेज कमी होतं का, १६ जीबी वगैरे? अँड्रॉइड ६ पासून म्हणजे २०१५ पासून एक सोय आली, कार्ड घातलं की फोन विचारायचा हे पोर्टेबल म्हणजे काढून कुठंही लावता येणारं स्टोरेज म्हणून वापरू का इंटर्नल म्हणजे फोनचंच म्हणून. इंटर्नल म्हटलं की फोन ते कार्ड स्वतःचंच करून टाकतो. कार्डाचे दोन भाग पाडतो, १६ एमबीचा एक बारका, नाव अँड्रॉइड मेटा, आणि बाकीचा मोठा, नाव अँड्रॉइड एक्सपांड. तो मोठा भाग पूर्ण एन्क्रिप्ट म्हणजे कुलूपबंद असतो आणि त्याची किल्ली कार्डावर नसते, ती त्या फोनच्या पोटात असते. दुसऱ्या फोनात, लॅपटॉपात, कुठंही घाला, त्यांना नुसता कचरा दिसणार. तिजोरी तुम्ही नव्या घरात आणली आणि किल्ली जुन्या घरातच राहिली.

म्हणून फोटोरेक, रिकव्हरी, कुठलंही सॉफ्टवेअर चालवून उपयोग नाही. ती सॉफ्टवेअरं फोटोची सुरुवात कशी दिसते ते ओळखून शोधतात, एन्क्रिप्ट झालेल्यात त्यांना ओळखायला काही मिळतच नाही. पाच हजार घेऊन डेटा काढून देतो म्हणणारा भेटला तरी देऊ नका, किल्लीशिवाय कुणाच्या बापाला ते उघडायचं नाही.

आता लाखाचा प्रश्न. जुना फोन कुठाय? आणि तो रिसेट केलाय का? फॅक्टरी रिसेट झाला असेल तर किल्ली गेली, मग खरंच संपलं.

पोवईनाका_रिपेअर:
बरोबर बोलले, माझ्या डोक्यात हे आलं नव्हतं कारण हल्लीच्या फोनात ती सोय फारशी दिसत नाही, काही कंपन्यांनी तर आधीपासूनच बंद ठेवली होती. पण त्या काळात स्टोरेज फुल्लचा मेसेज घेऊन गिऱ्हाईक आलं की दुकानातली पोरं सर्रास इंटर्नल करून द्यायची. गिऱ्हाईक खूश, फोन मोकळा. पुढं काय होणार ते कुणी सांगायचं नाही.

तासगाव_बागाईत:
अगदी तसंच! १६ जीबीचाच फोन होता, स्टोरेज भरलं म्हणून दोन-तीन वर्षांपूर्वी एका दुकानात कार्ड टाकून घेतलं होतं, त्यानंतर फोन एकदम हलका झाला म्हणून अण्णा खूश होते.

जुना फोन घरात आहे. नवीन घेताना एक्सचेंजला मागत होते पण इतका कमी भाव करत होते की अण्णा म्हणाले त्यापेक्षा कपाटात पडू दे. रिसेट कुणी केलेला नाही. चार्जिंगला लावला की व्हायब्रेट होतोय, रिंग वाजते, पण डिस्प्ले पूर्ण काळा, टच पण नाही. पिन अण्णांना पाठ आहे. आता काय करू?

पोवईनाका_रिपेअर:
मग जिंकलात. डिस्प्लेचा कॉम्बो टाकून घ्या, म्हणजे काच, टच आणि डिस्प्ले एकत्र येतो तो. तुमच्या मॉडेलचा सांगलीत मिळून जाईल, जुनं मॉडेल असलं तरी कॉपी कॉम्बो मिळतोच, रंग जरा फिका असला तरी आपल्याला काय सिनेमा बघायचा नाही.

दुकानात दोन गोष्टी ठणकावून सांगा. एक, सॉफ्टवेअर मारायचं नाही, म्हणजे फोनचं सॉफ्टवेअर नव्यानं टाकायचं नाही. फोन जरा अडकला की पोरं सॉफ्टवेअर मारतात, त्यात डेटा साफ होतो आणि किल्ली पण जाते. कागदावर लिहून फोनला चिकटवा. दुसरं, पिन चुकीचा टाकत बसू नका, अण्णांना बरोबर घेऊन जा. बॅटरी फुगलेली दिसली तर ती पण बदलून घ्या, कॉपी करताना मधेच बंद पडायला नको.

चित्र दिसत असतं आणि फक्त टच गेला असता तर ओटीजीला, म्हणजे फोनला यूएसबीच्या वस्तू जोडायच्या कनेक्टरला, माऊस लावून पिन टाकता आला असता, फुकटात काम झालं असतं. तुमचा काळाच आहे म्हणजे कॉम्बोला पर्याय नाही.

लिनक्सवाला_सातारा:
फोन चालू झाला की आधी बंद करून कार्ड जुन्या जागी घाला, मग चालू करा. लॉक उघडा, जरा वेळ द्या, मग स्टोरेजमध्ये कार्ड दिसायला पाहिजे. कार्ड लॅपटॉपला नाही, फोनच केबलनं लॅपटॉपला जोडायचा, फाइल ट्रान्सफर निवडायचं. कार्ड इंटर्नल केलं तेव्हा डेटा त्यावर हलवलेला असेल तर फोनच्या नेहमीच्या स्टोरेजमध्येच डीसीआयएम (कॅमेऱ्याचे फोटो), रेकॉर्डिंग, डाउनलोड सगळी फोल्डरं दिसतील, कारण ती खरी कार्डावर आहेत. ओव्यांचं फोल्डर सगळ्यात आधी कॉपी करा. फोटो नंतर. जुनी कार्डं मरायला टेकली की कधीकधी नुसती वाचता येतात, लिहिता येत नाहीत, आणि मग वाचणंही बंद होतं, म्हणून महत्त्वाचं पहिलं.

तासगाव_बागाईत:
मिळालं! सांगलीत कॉम्बो टाकला, अण्णा स्वतः दुकानात खुर्ची घेऊन बसले होते, पोरगं फोनला हात लावलं की हे विचारणार सॉफ्टवेअर मारत नाहीस ना. कार्ड घातलं, पिन टाकला आणि गॅलरीत सगळे फोटो आले. घरी येऊन केबलनं लॅपटॉपवर घेतलं. ओव्यांच्या फायली सगळ्या वाजतायत, एकीत मागं कुकरची शिट्टी आहे, ती ऐकून आई म्हणाली ही तर माझीच डाळ.

आता शेवटचा प्रश्न. हेच कार्ड नव्या फोनात वापरू का? आणि परत असं होऊ नये म्हणून काय करू?

मिरज_जंक्शन:
लॅपटॉपवरची एक कॉपी म्हणजे कॉपी नव्हे. अजून एक पेनड्राइव्हवर आणि एक ऑनलाइन ड्राइव्हवर ठेवा, ओव्या म्हणजे ऑडिओ, जागा कितीशी लागणार. कृष्णेच्या पुरात २०१९ ला आमच्या ओळखीच्यांचे लॅपटॉप, हार्डडिस्क सगळं एकाच कपाटात होतं. सगळं एकदमच पाण्यात.

लिनक्सवाला_सातारा:
तिन्ही ठिकाणच्या फायली उघडून, वाजवून बघितल्या की मगच नव्या फोनात कार्ड घालून ते सेट अपवालं टॅप करा. पोर्टेबल का इंटर्नल असं विचारलंच तर पोर्टेबल निवडा. पोर्टेबल कार्ड एन्क्रिप्ट होत नाही, कुठल्याही फोनात, रीडरमध्ये उघडतं. काढायच्या आधी सेटिंगमधून इजेक्ट करायचं. कार्ड जुनं आहे म्हणून त्यावर गाणी, कीर्तनं ठेवा, बेदाण्याच्या पट्ट्या नकोत. जुना फोन महिनाभर तरी रिसेट करू नका, एखादी फाइल राहिली म्हणून लक्षात येते.

भडंग_कट्टा:
बरं झालं माझं ऐकलं नाही 😄 त्या ओव्यांतली एखादी इथं टाका की, अण्णांना विचारून.

तासगाव_बागाईत:
विचारतो. सध्या फोन अण्णांच्याच हातात आहे, मिळत नाही.