युरिक अ‍ॅसिड आणि खान्देशी ताट : तुमचे अनुभव लिहा

धुळे
आमच्याकडे गाऊटने, म्हणजे युरिक अ‍ॅसिड वाढून होणाऱ्या सांधेदुखीने, पायाचा अंगठा सुजला की पहिला बळी वरणाचा. भेटेल तो सांगतो, डाळ बंद करा. वरणाशिवाय बट्टी खायची तरी कशी? माझं युरिक अ‍ॅसिड ९ च्या वर होतं. डॉक्टर म्हणाले, ६ च्या खाली आणून तिथेच ठेवायचं, साधारण ६.८ च्या पुढे गेलं की सांध्यांत त्याचे खडे धरू लागतात. कलेजी, वजडी आणि बिअर यांवर ते बरंच बोलले, वरणावर एक अक्षर नाही. तुम्हाला काय बाधलं, काय सोसलं ते लिहा. गोळ्यांचे डोस मात्र इथे नकोत.

भुसावळ, रेल्वेतून निवृत्त
आमच्या वेळी इंजिनावर लघवीची सोय नव्हती, त्यामुळे ड्यूटीवर पाणी बेतानंच प्यायचं. त्यात भुसावळचा मे महिना, पारा ४५ च्या आसपास. माझे सगळे मोठे झटके उन्हाळ्यातले, आणि तेही मध्यरात्रीनंतरचे. अंगठा असा ठणकायचा की अंगावरची चादरसुद्धा सहन होईना. अंगातलं पाणी कमी झालं की युरिक अ‍ॅसिड बाहेर पडत नाही, हे डॉक्टरांनी चित्र काढून समजावलं. आता तांब्या हाताशी असतो, मटण सणावारी, पाया-सूप बंद. वरण रोज.

धुळे
दादा, पाण्याचं पटलं. फक्त किडनी किंवा हृदयाचा त्रास असलेल्यांनी विचारूनच वाढवा.

पारोळा
हा पुरुषांचा आजार म्हणतात, पण पाळी गेल्यावर बायकांनाही होतो. माझी बीपीची गोळी लघवी वाढवणारी होती, तिनेही युरिक अ‍ॅसिड वाढतं. डॉक्टरांनी ती बदलली. सासूबाईंना वात वाटला, म्हणून निर्गुडीचा शेक दिला, ठणका वाढला. रुमालात बर्फ गुंडाळून ठेवल्यावर उतरला.

नंदुरबार
आजी म्हने, ‘पाय मुरगळना व्हई.’ ऐन सुजेत रक्त तपासलं तर आकडा नॉर्मल! झटक्यात तो कधी कधी खाली दिसतो म्हणे. काही आठवड्यांनी पुन्हा तपासलं तेव्हा वाढलेला निघाला. रिपोर्ट चांगला आला म्हणून निर्धास्त होऊ नका.

रावेर
आमची केळीची बाग. केळं रोज खातो, त्रास नाही. आखाजीला आमरसही खातो, पण वाटीभर आणि वरून साखर न घालता. बाटलीतली थंड पेयं घरातून गेली. त्या साखरेनेही युरिक अ‍ॅसिड वाढतं. ताक भरपूर.

चोपडा
पथ्यावर फार भिस्त ठेवू नका. बहुतेक युरिक अ‍ॅसिड आपलं शरीरच तयार करतं, ताटामुळे आकडा थोडाच हलतो. मला वारंवार झटके येत, म्हणून कायमची गोळी सुरू झाली. सुरुवातीला झटके वाढू शकतात हे डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं, सोबत दुसरं औषधही दिलं. वजन उतरवा, पण हळूहळू. कडक उपासानेही झटका येतो.

जळगाव
सगळं ठीक, पण वांगं वातूळ म्हणतात. भरीत सोडू का?

धुळे
ज्यातून युरिक अ‍ॅसिड बनतं ते प्युरिन वांग्यात कमीच असतं. भरीत खुशाल खा. पार्टीत भरताशेजारी बिअर असेल तर ती शेजाऱ्याकडे सरकवा.