टाळू दुभंगलेली आहे, दूध नाकातून येतं. कसं पाजायचं?

काळजीत_मावशी: बहिणीची मुलगी ९ दिवसांची आहे. वरचा ओठ आणि टाळू, दोन्ही दुभंगलेले. अंगावर घेतलं की तोंड लावते, ओढू बघते, पण पोटात काही जात नाही. तासभर पाजलं तरी रडतेच. बाटलीनं दिलं तर दूध नाकातून येतं आणि घरातले सगळे घाबरतात. बहीण म्हणते, मलाच दूध कमी आहे.

लेकाची_आई: ताई, आधी बहिणीला सांगा, दूध कमी नाही. ओढ लागायला तोंड आतून बंद व्हावं लागतं. टाळूला फट असली की नाकातून हवा येते, ओढ लागतच नाही. नुसता ओठ दुभंगलेला असेल तर पुष्कळ बाळं अंगावर पितात. टाळूही असेल तर बहुतेकांना जमत नाही. माझ्या लेकालाही जमलं नाही.

दूध काढून पाजा. दिवसा-रात्री दर दोन-तीन तासांनी काढायला हवं, नाहीतर आटतं. बाटली दाबता येईल अशी मऊ घ्या. झडप असलेल्या खास बाटल्याही मिळतात, हेबरमन फीडर त्यातलाच. बाळ चोखायला लागलं की हलकेच दाबायचं, थांबलं की सोडायचं. त्याच्या गिळण्याकडे लक्ष ठेवायचं, आपल्या घाईकडे नाही. निपलचं भोक घरी मोठं करू नका, धार जोरात येऊन ठसका लागतो.

बाळाला जवळजवळ बसतं धरा. तरी नाकातून थोडं येईलच. थांबा, शिंकू द्या, पुसा, पुन्हा पाजा. ही बाळं हवा फार गिळतात, म्हणून मधेमधे ढेकर काढा.

आणि एक पाजणं अर्ध्या तासात आटपा, हे मी कळकळीनं सांगते. तासभर ओढून बाळ दमतं, प्यायलेलं सगळं त्या दमण्यातच जातं. मग वजन कुठून वाढणार?

रात्रपाळी_नर्स: वरचं सगळं बरोबर. वजन मात्र नियमित करा. साधारण दोन आठवड्यांत जन्माचं वजन परत यावं, पुढे रोज २० ते ३० ग्रॅम वाढ हवी. दिवसाला सहाएक वेळा लघवी व्हायला हवी. पिताना ओठ निळसर झाले, श्वास अडकला किंवा बाळ सुस्त वाटलं तर लगेच दवाखान्यात न्या. हनुवटी फार लहान, मागे गेलेली दिसते का? तसं असेल तर जीभ मागे पडून श्वास अडतो. अशा बाळाला कसं पाजायचं ते डॉक्टरांकडूनच शिकून घ्या.

काळजीत_मावशी: हनुवटी ठीक आहे. खास बाटली येईपर्यंत वाटी-चमचा चालेल? आणि अंगावर घेणं बंदच करायचं का?

लेकाची_आई: चालेल. बसतं धरून, थोडं थोडं, गिळल्यावरच पुढचा चमचा. अंगावर घेणं बंद करू नका. पोट भरल्यावर घेऊ द्या बहिणीला, दोघींनाही ते हवं असतं. उद्या वजन करून आणा आणि आकडा इथे लिहा.